शंभर पाण्यांचं तूप

१

दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा चढा आला, आणि डॉक्टर श्यामला खाजगीवाले यांनी अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच हॉस्पिटलचा कागद सासऱ्यांच्या चहाच्या वेळेत घरी आणला. तो त्यांनी कपाशेजारी ठेवला नाही, कपाच्या जागी ठेवला. कप सरकला. शनिवार पेठेतल्या त्या घरात चारच्या चहाला धक्का लावायची मुभा पाहुण्यांना नव्हती, देवाधर्माला नव्हती. सासऱ्यांनी, म्हणजे दिगंबरपंतांनी, चष्मा चढवला.

"अप्पा, पारा," श्यामला म्हणाली. "दहा दिवसांपूर्वी लघवीत जेवढा होता, त्याहून जास्त. आणि हे दहा दिवस मुलगी माझ्या वॉर्डात आहे."

मुलगी म्हणजे सृष्टी इंगोले, वय चोवीस. आईवडील पंधरा वर्षांपूर्वी हिंगोलीकडून पुण्यात आलेले. वडील नागोराव हडपसरच्या एका कारखान्यात, घर बिबवेवाडीत. मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत लागली तेव्हा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, दोन हजार एक साली, सगळ्या बिल्डिंगने तिच्या नावाचे पेढे खाल्ले होते. सहा महिन्यांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले, झोप उडाली. सगळे म्हणाले, कॉम्प्युटर. मग चेहरा सुजला, पाय सुजले. तरी सगळे म्हणाले, कॉम्प्युटर. शेवटी मूत्रपिंडं गळायला लागली, लघवीत पारा निघाला, तेव्हा कॉम्प्युटरवरचा आरोप मागे घेण्यात आला आणि तो वैद्य तात्यारावांवर ठेवण्यात आला. सृष्टी पित्तासाठी त्यांच्या पुड्या घ्यायची, आणि वैद्य लोक पारा वापरतात एवढं सर्वांनी ऐकलेलं असतं. तिचा भाऊ संतोष दवाखान्यात घुसला आणि त्याने वैद्यांच्या बरण्या फोडल्या. पुड्या तपासून आल्या. त्यांत सुंठ होती, निशोत्तर होतं, साखर होती, पारा नव्हता.

"पारा बाहेर काढायचं औषध आहे," श्यामला म्हणाली. "पण एका बाजूने मी काढायचा आणि दुसऱ्या बाजूने कुणी भरायचा, असं चाललं तर आठवड्याभरात दोन्ही मूत्रपिंडं जातील. कुठून येतोय ते कळायला हवं."

दिगंबरपंतांनी सरकारी औषध प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली होती. बाटलीवर काय लिहिलंय आणि बाटलीत काय आहे, यांतलं अंतर मोजणं हा त्यांचा पेशा. निवृत्तीनंतर बाटल्या संपल्या, म्हणून ते माणसं मोजू लागले. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, पानावर दोन रकाने: डावीकडे ‘सांगितलं’, उजवीकडे ‘दिसलं’. दोन्ही रकाने जुळले की माणूस सच्चा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. फारच जुळले तर ते पान पुन्हा वाचत.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतं, माझ्या वॉर्डात, माझ्या डोळ्यांदेखत, कुणीतरी तिला तो रोज देतंय."

२

भेटीची वेळ चार ते सहा. दिगंबरपंत सृष्टीच्या खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. डॉक्टरबाईंचे सासरे, घरी करमत नाही, एवढी ओळख पुरली. रिकामा पेन्शनर कुठेही जाऊन बसला तरी पुण्यात त्याला कुणी कारण विचारत नाही.

मुलीचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, पण जीभ शाबूत होती. तोंडात काय जातं, म्हणून त्यांनी विचारलं. हॉस्पिटलचं जेवण, आणि सलिल आणतो तो डाळिंबाचा रस, ती म्हणाली. बाकी काही आत आलं तर तुमच्या सूनबाई त्या माणसालाच ॲडमिट करतील. अंगाला काही लावतेस का, हे विचारल्यावर मात्र ती उशीवरून जरा वर सरकली.

"आजोबा, मी क्रीमवाली नाही. सातवीपासून बेसन, लिंबू, ट्यूबा, सगळे एक्सपेरिमेंट माझ्यावर झालेत. पहिल्या पगारात दोन गोष्टी केल्या. आईला सोन्याची अंगठी घेतली आणि घरातल्या सगळ्या गोरेपणाच्या ट्यूबा कचऱ्यात टाकल्या. म्हटलं, आता बास. फक्त आईचं तूप लावते. दिवसभर एसीत बसून स्किन फुटते ना."

तूप म्हणजे वैद्यांनीच वेणूबाईंना, तिच्या आईला, शिकवलेलं. तांब्याच्या ताटात साजूक तूप घ्यायचं, पाणी घालून तळव्याने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. शेवटी लोण्यासारखं पांढरंशुभ्र मलम होतं. वेणूबाई ते स्टीलच्या डबीत घेऊन बसल्या होत्या. उजव्या हातात एक अंगठी, तिला दोरा गुंडाळलेला. सैल होते का, असं दिगंबरपंतांनी सहज विचारलं.

"व्हय दादा, सैल झाली," वेणूबाई म्हणाल्या आणि हात पदराखाली गेला.

मग सलिल आला. तिच्याच ऑफिसातला, नारायण पेठेतला. दोघांना लग्न करायचं होतं. त्याच्या घरून अजून होकार यायचा होता. त्याने थर्मासमधला रस ओतला. दिगंबरपंतांनी निर्लज्जपणे त्यातला अर्धा कप मागून घेतला. डाळिंब होतं, वर चिमूटभर काळं मीठ. संतोष आला तो दारातच उभा राहिला. बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मोबाईल दुरुस्त करायचा. येताजाता प्रत्येक नर्सला त्याने वैद्याला अजून अटक का नाही, हे विचारून घेतलं.

शेवटी आली आनंदी. इंगोल्यांच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर तिचं ब्यूटी पार्लर. वेणूबाईंना पुण्यात पहिली मैत्रीण मिळाली ती हीच. नीटनेटकी, मऊ बोलणारी, बोटांत चार अंगठ्या पिवळ्याधमक. तिने आल्याआल्या सृष्टीच्या केसांना खोबरेल चोळून वेणी घातली. पोरीला बरं वाटलं. वेणूबाईंनाही वाटलं, म्हणून त्यांनी डबी पुढे केली.

"आनंदीताई, तुमचा हात हलका हाय. जरा तूप पन लावा तिच्या तोंडाला."

आनंदीने घड्याळाकडे पाहिलं, पार्लर उघडायचंय असं काहीसं म्हणाली. मग चारही अंगठ्या काढून रुमालाच्या टोकाला बांधल्या, तूप लावलं, आणि बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले. बराच वेळ धुतले.

डबी मिटण्याआधी दिगंबरपंतांनी वाटाण्याएवढं तूप कागदावर घेतलं. टाचेला भेगा पडल्यात, म्हणाले. घरी जाऊन त्यांनी वही उघडली. डाव्या रकान्यात लिहिलं, ‘अंगठी सैल.’ उजवीकडे लिहिलं, ‘अंगठी पेरात रुतलेली. दोरा तळव्याच्या बाजूला नाही, चहूबाजूंनी. सोनं तीळभर दिसत नाही.’ त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. तिच्या डावीकडे काही नव्हतं, कारण त्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं: ‘खोबरेल: चारही अंगठ्या बोटांत. तूप: चारही रुमालात.’

३

दुसऱ्या दिवशी दिगंबरपंत दवाखान्यात गेले, तेव्हा तात्याराव वैद्य अजून काचा गोळा करत होते. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका आसवाचा नमुना दिगंबरपंतांनी नापास केला होता. तेव्हापासून दोघांत एक प्रकारचा जिव्हाळा होता.

"या दिगंबरपंत. फोडायला आता दोनच बरण्या उरल्यात. कोणती देऊ?"

दिगंबरपंतांनी कागद पुढे केला. तात्यारावांनी तूप बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हे माझं नव्हे. तूप कितीही धुतलं तरी त्याला तुपाचा वास राहतो. याला गुलाब येतोय. वेणूबाईंच्या म्हशीने गुलाबाची बाग खाल्ली असेल तर कल्पना नाही."

"तुम्ही दिलं नाहीत?"

"मी रीत सांगितली. तूप तिचं, ताट तिचं, हात तिचे. चार महिन्यांत माझ्याकडून पित्ताच्या पुडीशिवाय काही नेलं नाही तिने." मग आवाज जरा उतरला. "मुलगी वाचेल का हो? लहान होती तेव्हा पुडी तोंडात टाकून मला वेडावून दाखवायची."

दिगंबरपंतांनी उरलेलं तूप पुन्हा कागदात गुंडाळलं. घरी येऊन त्यांनी फरशी धुवायचं ॲसिड काढलं, जुन्या वायरचं प्लास्टिक सोलून आतली तांब्याची तार घासून लालबुंद केली. सूनबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, पंखा लावला आणि नाकाला पदर लावून शेजारी उभ्या राहिल्या. काचेच्या नळीत तुपाचा तो वाटाणा, ॲसिड, पाणी आणि तार. खाली स्पिरिटचा दिवा. प्रयोग फार जुना, गरिबाघरचा. यंत्रं यायच्या आधी याच प्रयोगाने कोर्टात माणसं उभी केली होती.

दहा मिनिटांनी दिगंबरपंतांनी चिमट्याने तार बाहेर काढली, पाण्यात बुडवून फडक्याने पुसली. तांब्याची तार आत गेली होती. बाहेर आली ती चांदीसारखी पांढरी.

श्यामला फोनकडे धावली. वॉर्डातल्या सिस्टरला तिने दोनच वाक्यं सांगितली: डबी उचला, मुलीचा चेहरा धुवा.

"म्हणजे आई," फोन ठेवून ती म्हणाली. "अप्पा, आईच?"

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरपंत बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत पोचले तेव्हा वेणूबाई एकट्याच होत्या. हॉस्पिटलात डबी का काढून घेतली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हातून काही चुकलं असेल म्हणून त्या रात्रभर नवं तूप धूत बसल्या होत्या. ताट मांडणीवर उभं करून ठेवलं होतं, निथळायला.

दिगंबरपंत त्या ताटाकडे बघत राहिले. कडा तांबूस, चिंचेने घासलेल्या. आणि मधोमध, तळवा फिरेल तेवढाच, बशीएवढा पांढरा चकचकीत गोल.

"कल्हई कधी लावली याला?"

"कल्हई न्हाई दादा. ह्ये तूप धुऊन धुऊन आसं झालं. लख्ख झालं, म्हनलं बरं झालं."

दिगंबरपंतांनी ताट मांडणीवरून उतरवून उजेडात धरलं. जी परीक्षा त्यांनी अठ्ठावीस वर्षं काचेच्या नळीत केली, ती या बाईच्या ताटाने महिनोन्महिने रोज केली होती, आणि उत्तर घरात सगळ्यांसमोर टांगून ठेवलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं.

"वेणूबाई, तुपात काय मिसळता?"

त्या उठल्या. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक गुलाबी प्लास्टिकची डबी काढली. आत पांढरं क्रीम, गुलाबाचा वास. शेवटचं पाणी ओतलं की दोन बोटं यातली घालायची आणि फेटायचं. रंग तोच, पोरीला कळत नाही. पोरीने ट्यूबा फेकल्या तेव्हा वेणूबाई गप्प बसल्या होत्या. पण मग सलिलची आई येऊन गेली. चांगली बाई, टाकून काही बोलली नाही. जाताना फक्त म्हणाली, मुलगी गुणाची आहे, फोटोत जरा सावळी येते एवढंच.

"येवढंच म्हनली बगा," वेणूबाई म्हणाल्या. "त्या येवढंच-साठी माही पोरगी परत यायला नको, म्हनून म्या... दादा, क्रीमला काय झालंय?"

"त्यात पारा आहे. त्याने कातडी उजळते. कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडं खातो."

वेणूबाईंनी आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. रडल्या नाहीत. दवाखान्यात पन रोज लावलं, एवढंच म्हणाल्या. तोंड उतरलं हुतं तिचं, म्हनून जास्तीच लावलं.

दिगंबरपंतांनी विचारलं, ही डबी दिली कुणी?

"कुनी न्हाई. म्याच आनली. बुधवार पेठंतून."

"कुठल्या दुकानातून?"

"दगडूशेटच्या... अलीकडून. पलीकडून."

पंधरा वर्षांत स्वारगेटच्या पुढे एकटी न गेलेली बाई खोटं बोलत होती, आणि तिला ते जमत नव्हतं. पण डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली माणसं जशी ओठ मिटतात, तसे तिने मिटले. आपल्या पोरीची मूत्रपिंडं पणाला लागलेली असताना ही आणखी कुणाला तरी वाचवत होती.

५

डबीवर एक सोनेरी चिकटपट्टी होती: ‘शंभर टक्के हर्बल. केशर-गुलाबयुक्त.’ खाली बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. हल्ली परदेशी माल बाजारात असा येऊन पडायचा, की कुठला हे विचारणाराच मागासलेला ठरायचा. दिगंबरपंतांना पट्टीची एकच गोष्ट खटकली. ती मधोमध नव्हती. चांगलं सोनेरी लेबल माणूस दर्शनी बाजूला लावतो. हे मागच्या बाजूला, तळाशी, तिरपं लावलं होतं.

किटलीच्या वाफेवर पट्टी सुटली. खाली बारीक इंग्रजीत दोन ओळी होत्या. श्यामलाने त्या वाचून मराठीत सांगितल्या: सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांच्या संपर्कात येऊ देऊ नये. वापरण्यापूर्वी दागिने काढून ठेवावेत.

"म्हणजे ज्याने पट्टी लावली, त्याने आधी हे वाचलं," श्यामला म्हणाली. "वेणूबाईंना इंग्रजी येत नाही. सलिलला येतं. संतोषला येतं, आणि तो काम करतो बुधवार पेठेत. आईने नाव घेतलं तेही बुधवार पेठेचंच. वैद्यांवर सगळ्यांत जास्त ओरडला तो कोण? अप्पा, भाऊच तर नसेल? आई मुलाला पाठीशी घालत असेल."

"ओरडणाऱ्याचा मला कधी संशय येत नाही," दिगंबरपंत म्हणाले. "ज्याला गुन्हा माहीत असतो तो इतका वेळ दारात उभा राहत नाही. आणि त्या पोराच्या अंगावर सोन्याची तारसुद्धा नाही. त्याला ही ओळ वाचून करायचंय काय, आणि नाही वाचली तर त्याचं बिघडणार काय?"

"सोन्याचा काय संबंध?"

दिगंबरपंतांनी वही उघडून उजवा रकाना तिच्यापुढे केला. तिने तो दोनदा वाचला. मग हळूच खुर्ची ओढून बसली.

"संध्याकाळी सगळ्यांना तुझ्या केबिनमध्ये बोलाव," ते म्हणाले. "दोन वाट्या लागतील. एकीत खोबरेल, दुसरीत वेणूबाईंनी काल रात्री धुतलेलं तूप."

६

केबिन लहान होती. वेणूबाई आणि नागोराव बाकावर, संतोष भिंतीला टेकून, सलिल खिडकीशी. तात्याराव वैद्य आले होते. संतोष त्यांच्याकडे बघत नव्हता. आनंदी दाराजवळच्या खुर्चीवर. टेबलावर दोन वाट्या आणि ते तांब्याचं ताट.

दिगंबरपंतांनी ताट, तार, डबी, पट्टीखालच्या दोन ओळी, सगळं घाई न करता सांगितलं. तुपात पारा आहे हे कळल्यावर नागोरावांनी बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. संतोष पुढे झाला, वैद्यांसमोर उभा राहिला. उभाच राहिला.

"बसा हो," तात्याराव म्हणाले. "बरण्या मिळतात बाजारात."

"वेणूबाई," दिगंबरपंत म्हणाले, "अंगठीचा दोरा सोडा."

त्यांनी मान हलवली. पुन्हा सांगितल्यावर दोरा सुटला. आतली अंगठी पांढरी होती, शिशासारखी मळकट पांढरी.

"सोनारानं फशिवलं माह्या पोरीला," वेणूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पयल्या पगाराची आनली तिनं. खोटं सोनं निघालं. तिला कळलं तर वाईट वाटंल, म्हनून दोरा बांधला."

"सोनं खरं आहे. पारा लागला की सोनं पांढरं पडतं. ही अंगठी पांढरी झाली, हाच तुमचा पुरावा. क्रीममध्ये काय आहे ते तुम्हाला माहीत असतं, तर पोरीने दिलेली अंगठी बोटात ठेवून तुम्ही ते फेटलं नसतं." मग ते दाराकडे वळले. "आनंदीताई, परवा तुम्ही सृष्टीला तेल लावलंत तेव्हा अंगठ्या हातात होत्या. तूप लावताना काढल्यात. का?"

तुपाने मळतात म्हणून, ती म्हणाली. हसलीही थोडं.

"तेलानेही मळतात. बरं, आज मळू द्या. या दोन वाट्या. हात बुडवा, अंगठ्यांसकट. आधी तेल."

आनंदीने खोबरेलात बोटं बुडवली. काढून रुमालाला पुसली.

"आता तूप."

हात वाटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. डावा हात आपसूक उजव्या हाताकडे आला, अंगठीला लागला आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन मागे गेला. एवढं पुरे होतं. वेणूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण हात वाचता येत होते.

"ताई," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं हुतं?"

मग आनंदी बोलली, आणि तिचं बोलणं तिच्यासारखंच नीटनेटकं होतं. बुधवार पेठेतला एक माणूस माल आणून द्यायचा. दीड वर्षापूर्वी तिची स्वतःची अंगठी पांढरी पडली. सोनाराने ती तापवून पुन्हा पिवळी करून दिली आणि सांगितलं, पारा आहे, जपा. मालवाला म्हणाला, दागिने काढून लावत जा, काही होत नाही. बायका डबीवरचं वाचून शंका काढतात म्हणून पट्टी लावायला त्यानेच दिली. आणि नाव कुणाला सांगायचं नाही, म्हणून तिने वेणूबाईंना सृष्टीचीच शपथ घातली होती.

"गोऱ्या होत होत्या हो सगळ्या," ती म्हणाली. "खूश होत्या. मला कुठे माहीत होतं, किडनी..."

"बारा-तेरा दिवसांपूर्वी रिपोर्टात पारा आला," श्यामला म्हणाली. "वॉर्डभर बातमी होती. त्या दिवशी तर कळलं होतं ना?"

आनंदीने रुमालाची घडी घातली.

"सोनाराने जपा म्हटलं, आणि तुम्ही अंगठ्या जपल्यात," दिगंबरपंत म्हणाले. "परवा या बाईने डबी पुढे केली, तेव्हा एक शब्द बोलला असतात तर पार्लर गेलं असतं. तुम्ही अंगठ्या काढल्यात आणि लावलंत."

पुढचं काम त्यांचं नव्हतं. ते करणारे पोलीस बाहेर बसले होते. आनंदीला नेण्यापूर्वी दिगंबरपंतांनी तिच्याकडून एक यादी मात्र लिहून घेतली, कोणाकोणाला डब्या दिल्या त्याची. एकतीस नावं. सलिलने ती उचलली, संतोषला म्हणाला चल, आणि दोघे त्याच संध्याकाळी बिबवेवाडीतली दारं ठोठावत निघाले.

७

तिसरा रिपोर्ट उतरला. चौथा आणखी. मूत्रपिंडं बऱ्यापैकी सावरतील, पूर्ण सावरतील की नाही ते सांगता येत नाही, असं श्यामला म्हणाली. ती खोटा दिलासा देत नाही हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे, तेवढ्यावरही नागोरावांनी वॉर्डात पेढे वाटले.

वेणूबाई रोज यायच्या आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायच्या. आत पाऊल टाकत नव्हत्या. सहाव्या दिवशी सकाळी दिगंबरपंत त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, रविवार पेठेत माझ्या ओळखीचा जुना सराफ आहे, अंगठी द्या, आठवड्यात पहिल्यासारखी पिवळी करून आणतो.

"आजोबा," आतून आवाज आला, "तिला आत पाठवा. अंगठी घेऊन."

वेणूबाई खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सृष्टीने आईचा हात ओढून घेतला आणि अंगठी उजेडाकडे धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. तिचा चेहरा उतरला होता, म्हणजे सूज उतरली होती. रंग होता तोच होता.

"आई, एक विचारू? सोनं पांढरं पडलं तेव्हा तुला ते खोटं वाटलं. लपवावंसं वाटलं."

"व्हय."

"मग मी पांढरी पडले असते तर तुला खरी वाटले असते का गं?"

वेणूबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. सृष्टीने त्यांचा हात सोडला नाही. बोटं अजून थोडी थरथरत होती. कुणाची, ते दारातून कळत नव्हतं.

काही वेळाने तिने अंगठी आईच्या बोटातून काढली आणि दारात उभ्या असलेल्या दिगंबरपंतांपुढे धरली.

"पिवळी करून आणा," ती म्हणाली. "आणि दोरा टाकून द्या."

दिगंबरपंतांनी अंगठी खिशात ठेवली. आनंदीच्या अंगठ्यांच्या ओळीसमोरचा डावा रकाना अजून कोरा होता. घरी गेल्यावर त्यांनी त्यात काही लिहिलं नाही. वही मिटली, आणि चारला सहा मिनिटं कमी असतानाच चहा मागितला.